बेळगाव भागात गळ टाकायला शिकायचंय? माघ-फाल्गुनापासून सुरुवात करा

बास मासेमारीचे परदेशी व्हिडिओ बघून गळाचा नाद लागलेली बरीच मुलं आता बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात दिसतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो: "दादा, आपल्याकडं बास कुठं लागतो?" लार्जमाउथ बास हा उत्तर अमेरिकेतला मासा. मलप्रभा, मार्कंडेय, घटप्रभा किंवा आपल्या गावतळ्यांतला तो नव्हे. पण त्या व्हिडिओंतून शिकलेलं वाया जात नाही. तिकडं हिवाळा सरून पाणी साधारण 15 ते 18 अंश सेल्सिअसपर्यंत आलं की बास खोल पाण्यातून काठाच्या उथळ भागात येतो, नर तळाशी घरटं करतो. एरवी तो बुडालेलं झाड, दगड किंवा पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरून असतो. अशी आडोशातून शिकार करणारी आपली मरळ आहे. आमिष म्हणून टाकलेल्या रबरी बेडकावर ती ज्या त्वेषानं येते, ते एकदा पाहिलं की बासची हळहळ उरत नाही.

तिकडचा वसंत म्हणजे बर्फ वितळून पाणी वाढायचा काळ. आपल्याकडं नेमकं उलट आहे. महाशिवरात्रीला थंडी ओसरते आणि धरणं, तळी, डोह उतरायला लागतात. वर्षभर पाण्याखाली दडलेला तळ उघडा पडतो. म्हणून माझं सांगणं एकच: माघ-फाल्गुनात दुकानात जाण्याआधी काठानं चाला. भारी रीळ पुढच्या वर्षीही मिळेल, उघडा पडलेला तळ मात्र पावसाळ्यानंतर दिसणार नाही.

आधी विचारा, मग गळ काढा

प्रत्येक पाण्याला कोणी ना कोणी धनी असतो. गावतळं पंचायतीचं असतं आणि त्यातल्या माशांचा बहुधा लिलाव झालेला असतो. मोठ्या जलाशयांवर मत्स्यव्यवसाय खात्याचा परवाना किंवा सहकारी संस्थेचा ठेका असतो. ठेकेदारानं पैसे मोजून बोटुकली (माशांची पिलं) सोडलेली असतात, त्यामुळं न विचारता बसलेला माणूस त्याला चोरच वाटणार. गावात पंचायत कार्यालयात, नाहीतर काठावर जाळं विणत बसलेल्या भोई मंडळींना विचारा. "मामा, इथं गरी घेऊन बसलं तर चालेल का?" एवढं विचारलं की बहुतेक वेळा परवानगीबरोबर दोन चांगल्या जागाही कळतात. गोकाक, सौंदत्ती, हुक्केरीकडं गेलात तर कन्नडमध्ये विचारा: "इल्लि मीनु हिडीबहुदा?" उच्चार चुकला तरी चालेल, समोरचा माणूस मोकळा होतो.

काही ठिकाणी विचारायचंही कारण नाही, जायचंच नाही. राकसकोप हे बेळगाव शहराचं पिण्याचं पाणी आहे. खानापूर तालुक्यातलं भीमगड अभयारण्य 2011 साली जाहीर झालं, म्हादईच्या वरच्या अंगाचा मुलूख त्यात येतो, आणि अभयारण्यात मासेमारी हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. देवळापुढच्या ज्या डोहात गावकरी माशांना मुरमुरे टाकतात, तिथंही गळ काढू नका. त्याला कायद्याचा कागद लागत नाही.

काठानं चालणं: खरं काम हेच

रोजच्या वर्तमानपत्रात जलाशयांची पातळी छापून येते. राकसकोपची भरलेली पातळी 2475 फूट, घटप्रभेवरच्या हिडकल धरणाची 2175 फूट, ही आकडेवारी इथल्या माणसाला तोंडपाठ असते. नळाला पाणी किती दिवस पुरेल, एवढ्यासाठी लोक ती वाचतात. तुम्ही ती मासेमाराच्या नजरेनं वाचा. हिडकल भरलेल्या पातळीच्या 20 फूट खाली आलं असेल, तर पावसाळ्यानंतर जिथं 20 फूट पाणी असणार आहे ती जमीन आज तुम्हाला पायानं तुडवता येते. एरवी त्यासाठी सोनार यंत्र घेऊन बोटीत फिरावं लागतं.

सकाळी लवकर निघा, ऊन तिरपं असतं आणि जमिनीचे उंचसखल भाग नीट दिसतात. बरोबर एक वही, फोन, पाण्याची बाटली आणि छातीएवढी काठी घ्या. काठी आधी टेकवून मगच पाऊल टाका. नुकत्याच उघड्या पडलेल्या गाळावर वरून भेगाळलेली पापडी दिसते, पण खाली मांडीपर्यंत चिखल असू शकतो. धरणाच्या पोटात जुन्या विहिरीही असतात. एकटं जाऊ नका. पाणी उतरलेल्या जमिनीत शेतकऱ्यांनी भाजी किंवा कडधान्य केलेलं असतं, त्यातून आडवं जाऊ नका, बांधानं जा.

बघायचं काय? धरण होण्याआधीचे शेताचे बांध, दगडी गडगे, जुना रस्ता, झाडांची खोडं, ओढ्याची वळणं. मासा मोकळ्या सपाट तळावर फार वेळ थांबत नाही, तो कडेनं फिरतो. जुन्या ओढ्याचं पात्र ही त्याची वाट. उथळातून खोलात जायला तो त्याच वाटेनं जातो, म्हणून ओढा जिथं गडग्याला छेदतो ती जागा वहीत ठळक लिहून ठेवा. कुठं दगडगोटे, कुठं वाळू, कुठं काळी माती आहे तेही लिहा. शिंपल्यांचे ढीग दिसले, चिलापीनं केलेले ताटाएवढे गोल खळगे दिसले, तर त्यांचेही फोटो घ्या. चिलापी अशा खळग्यांत अंडी घालते आणि मादी ती तोंडात घेऊन उबवते. त्याच उंचीच्या काठाला पुढच्या वेळीही खळगे होतात.

आता मुख्य युक्ती. पाणी चढल्यावर ही जागा ओळखायची कशी? फोनवरचा नकाशा चालतो, पण खुणा जुळवणं त्याहून पक्कं. गडग्याच्या टोकावर उभं राहा आणि एका ओळीत येणाऱ्या दोन स्थिर गोष्टी शोधा, एक जवळची आणि एक लांबची: अलीकडचं आंब्याचं झाड आणि त्याच्या बरोबर मागं टेकडीवरचा टॉवर. मग काटकोनात वळून तशीच दुसरी जोडी शोधा: देवळाचा कळस आणि मागची पाण्याची टाकी. दोन्ही जोड्या एकाच वेळी जुळतात अशी जागा जगात एकच असते. भाद्रपदात पाणी काठोकाठ असेल तेव्हा होडीतून ह्या रेषा जुळवल्या की तुमचा गळ नेमका त्या बुडालेल्या गडग्याच्या वर पडतो.

हिडकलमध्ये हुन्नूरचं विठ्ठल मंदिर पाणी फार खाली गेलं की वर येतं आणि लोक दर्शनाला जातात. पाण्याखाली केवढा मुलूख आहे ते तिथं उभं राहिलं की समजतं. नदीकाठी राहणाऱ्यांनी मलप्रभेवर हब्बनहट्टीच्या मारुतीच्या आसपास नजर तयार करावी. पावसाळ्यात ते देऊळ पाण्याखाली जातं, फाल्गुनात नदीची हाडं उघडी असतात: खडकाच्या पायऱ्या, त्यांच्या पोटातल्या कपारी, धारेनं कोरलेले रांजण. देवळाजवळ गळ टाकायचा नाही, पण खडक वाचायला तिथं छान शिकता येतं.

काठी आणि काडू

घरची दोन कामं ह्याच दिवसांत उरकायची, कारण दोन्हींना वेळ लागतो.

पहिलं काम काठीचं. पहिली काठी बांबूचीच असावी, ह्यावर मी ठाम आहे. रिळाच्या काठीनं मासा लवकर लागेल, पण दोऱ्यातून येणारी ओढ हाताला ओळखू येणार नाही. 10 ते 12 फुटांचा, आतून भरीव, मेसासारखा बांबू बुरुडाकडून घ्या. बांबू थंडीत तोडलेला असावा. तेव्हा त्याच्यात पिष्ट कमी असतं आणि त्याला घुणा लवकर लागत नाही. अंधाऱ्या पक्षात तोडलेला बांबू टिकतो असं जुनी माणसं सांगतात, बुरूडही तेच बघून तोडतो. पेरांवरची खुंटं घासून काढा, सावलीत शेंड्याकडून उलटा टांगा आणि बुंध्याला दगड बांधा, म्हणजे वाळताना वाकणार नाही. तीन-चार आठवड्यांनी वजन निम्म्याजवळ आलेलं जाणवेल. कुठं बाक राहिला तर निखाऱ्यावर हलकी धग देऊन गुडघ्यावर सरळ करा. शेवटी जवसाच्या तेलाचा हात द्या.

तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) शेंड्याला नुसता बांधू नका. शेंड्यावर एक गाठ, तिथून दोरा काठीवरून खाली आणून मध्यावर दुसरी पक्की गाठ. मोठ्या माशानं शेंडा मोडला तरी मासा काठीला राहतो. सुरुवातीला 0.30 मिलिमीटरचा तंगूस पुरे, लांबी काठीएवढीच.

दुसरं काम काडूंचं, म्हणजे गांडुळांचं. दर वेळी परसात खणत बसण्यापेक्षा एक पेटी करा. जुना प्लॅस्टिकचा क्रेट, तळाला बारीक भोकं, त्यावर नारळाच्या शेंड्यांचा थर, मग अर्धवट कुजलेलं शेण आणि पालापाचोळा. ताजं शेण घालू नका, ते तापतं आणि काडू मरतात. पेटी आंब्याखाली किंवा गोठ्याच्या सावलीला ठेवा, वर ओलं गोणपाट. मुंग्या येऊ नयेत म्हणून चार विटांवर उचलून प्रत्येक विटेखाली पाण्याची ताटली. भाजीची सालं चालतात, लिंबू, मिरची, मीठ, तेल नको. शिवरात्रीला पेटी भरली तर पाडव्यानंतर पुरेसे काडू मिळायला लागतात. उरलेलं खत आईच्या गुलाबांना घाला, घरातून ह्या नादाला विरोध होणार नाही.

शेतात सराव

रीळ घेतलंच असेल तर पाण्यावर जाण्याआधी रानात जा. येळ्ळूर, वडगाव, अनगोळकडं भातानंतरचं मसूर-वाटाण्याचं पीक काढून झालं की शेतं मोकळी असतात. गळाऐवजी 10-15 ग्रॅमचा लोखंडी नट बांधा, 20 पावलांवर परात ठेवा आणि तिच्यात नट पाडायचा सराव करा. लांब फेकण्याचा हव्यास नको. मरळ बहुधा काठापासून दोन-चार हातांवर असते. दुपारी पश्चिमेचा वारा सुटतो, तेव्हा मुद्दाम वाऱ्याच्या तोंडावर फेका आणि नट टेकण्याआधी सुटत्या दोऱ्यावर बोट ठेवायची सवय लावा. तेवढं जमलं की दोऱ्याचा गुंता होत नाही.

गाठ एकच शिका, पालोमार. दोरा दुहेरी करून गळाच्या डोळ्यातून ओवा, दुहेरी दोऱ्याचीच साधी सैल गाठ मारा, उरलेल्या फाशातून अख्खा गळ बाहेर काढा, थुंकीनं ओलं करा आणि हळू ओढा. कोरडी गाठ आवळताना तंगूस घासून तापतो आणि नेमका तिथंच तुटतो.

पहिले दिवस: चिलापी, रोहू, मृगळ

सुरुवात चिलापीनं करा. 10 किंवा 12 नंबरचा बारीक गळ (नंबर जितका मोठा तितका गळ लहान), अर्धा काडू, दोन-तीन फूट पाणी. मोराच्या पिसाच्या दांडीचं तरंगणं उत्तम, ते किंचित टोचलं तरी हलतं. पीस रानात गळून पडलेलंच वापरा. चिलापी बाहेरून आलेला मासा आहे, भरपूर होते, धरून खाल्लीत तर तळ्याचं भलंच.

कार्प माशांसाठी पिठाचा गोळा: शेंगपेंड, भाताचा कोंडा, थोडी कणीक, गुळाचं पाणी. सगळं मळून बोराएवढी गोळी, गळ 4 ते 6 नंबरचा. खोली मात्र नीट ठरवा. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. दिवसभर काठावर बसून रिकाम्या हातानं परतणाऱ्यांची गोळी बहुधा चुकीच्या थरात लटकत असते. तासाभरात काही झालं नाही तर जागा बदलण्याआधी खोली बदला.

वेळेबद्दल एक गोष्ट. उन्हाळ्यातला भल्या पहाटेचा नियम माघात लागू होत नाही. रात्रीच्या गारठ्यानं पाणी थंड असतं आणि कार्प मासे सुस्त असतात. साडेनऊ-दहानंतर उथळ पाणी तापतं, मग ते चरायला येतात. निवांत भाकरी खाऊन निघा. पाडव्यानंतर ऊन वाढलं की हे वेळापत्रक फिरतं, तेव्हा पहाट आणि संध्याकाळ.

मरळ

मरळ शिकायला वेळ लागतो, आणि ह्या नादातला सगळा आनंद मला तिथंच सापडतो. मरळीला नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही, तिला हवा घ्यायला वर यावंच लागतं. तोच तिचा पत्ता. केंदाळाच्या कडेला किंवा पाणकणसाच्या बेटाजवळ बसा आणि गळ न काढता नुसतं पाणी बघा. मधूनच एक गुळगुळीत वर्तुळ उमटतं, कधी 'गुळुक' असा आवाज येतो. चिलापी वर आली की पाणी फुटतं, मरळ आली की पाणी फुगून पुन्हा बसतं. हा फरक डोळ्यांत भरला की तळं वेगळंच दिसायला लागतं.

साहित्य: सात फुटांची कडक काठी, 3000 आकाराचं रीळ, 30 पौंड ताण सोसणारा विणलेला दोरा, रबरी बेडूक. खरा बेडूक वापरू नका. आपला मोठा भारतीय बेडूक कायद्यानं संरक्षित आहे, आणि रबराला मरळ तितक्याच जोरात येते. बेडूक वर्तुळावर फेकू नका, तीन-चार हात पलीकडं पाडा, लाटा विरेपर्यंत थांबा, मग केंदाळावरून हलके धक्के देत आणा. मोकळ्या पाण्याचा खिसा आला की क्षणभर थांबवा. हल्ला बहुधा तिथंच होतो. नवशिक्या त्या आवाजानं दचकून काठी उपसतो आणि बेडूक तोंडावर येतो. मनात "एक, दोन" म्हणा, दोऱ्याला वजन लागू द्या, मगच ठामपणे ओढा. लागल्यावर ढील नको, ती केंदाळात घुसली की दोरा गुंडाळून बसते.

माघात दुपारचं ऊन घ्यायला ती अगदी काठाशी येते, म्हणून पावलं हलकी आणि सावली मागं पडेल अशी बाजू धरा.

चोणकाविषयी थोडं

बास ह्या नावाचा हट्टच असेल तर चोर्ला घाट उतरून गोव्याला जा. तिथला चोणक, रायगडकडचा जिताडा, इंग्रजीत आशियाई सी-बास म्हणवतो. नात्यानं तो अमेरिकन बासपासून लांबचा, पण तोही आडोसा धरून मारतो. खाडीत भरती-ओहोटी वळताना तो खाजणाच्या मानशीजवळ (खारजमिनीच्या बांधातल्या पाण्याच्या दारापाशी), पुलाच्या खांबांपाशी उभा असतो. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होतो, तिथंही आधी विचारा. त्याच्या कल्ल्याची झाकणं पात्यासारखी धारदार असतात, दोऱ्यापुढं, गळाच्या आधी, 30-40 पौंडांचा जाड लीडर (दोऱ्याचा तुकडा) लावा आणि कल्ल्यात बोट घालून उचलू नका. ह्या माशाचं जन्मतः नर असणं आणि मोठेपणी मादी होणं लक्षात ठेवा: सगळ्यात मोठा चोणक ही अंडी घालणारी मादी असते, तिला सोडून द्या.

जीव सांभाळा, मासा सांभाळा

अथणी, रायबाग, चिकोडी भागात कृष्णेकाठी मगरी आहेत. तिथं पाण्यात पाय सोडून बसायचं नाही, काठापासून दहा फूट मागं राहायचं आणि मासे काठावर साफ करायचे नाहीत. धरणाखालच्या नदीत पाणी सोडलं की पातळी भराभर चढते, भोंगा ऐकू आला की सामान सोडून वर या. पोहता येत असलं तरी होडीत फ्लोटिंग जॅकेट घाला.

सोडायचा मासा ओल्या हातानं धरा, कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला रोग लागतात. गळाचा उलटा काटा पक्कडीनं दाबून टाका, गळ पटकन निघतो आणि चुकून बोटात गेला तर तुमचाही निघतो. म्हशेर लागला तर फोटो काढा आणि सोडा. घरच्या टाकीतले मासे किंवा थाई मांगूर (बाहेरून आलेला मांसाहारी मासा) कुठल्याही तळ्यात सोडू नका. तुटलेला तंगूस खिशात घालून घरी न्या, बगळे आणि पाणकावळे त्यात पाय अडकून मरतात.

मृगाचा पाऊस झाला की मरळीचा गळ बंद. पावसाळ्यात पृष्ठभागावर तांबूस पिलांचा पुंजका फिरताना दिसतो, त्याच्या खाली आईबाप राखण करत असतात. तेव्हा बेडूक टाकला तर ते रागानं नक्की येतात, आणि ते गेले की शेकडो पिलं दुसऱ्या माशांच्या पोटात जातात. त्या दिवसांत वही घेऊन काठावर जा. पाणी चढताना दर आठवड्याला तुमचे गडगे, ओढ्याचं वळण आणि खोडं कुठल्या तारखेला बुडाली ते पातळीच्या आकड्यासकट लिहा, आणि झाडाच्या, टॉवरच्या रेषा अजून जुळतात का ते तपासा. एखादं झाड तोडलं गेलं असेल तर तिथल्या तिथं नवी खूण शोधा.